शेपटाच्या नोंदी

पहिल्या दिवशी आम्ही सगळे हसलो.
मासे सोलायच्या कारखान्यातल्या तिघीजणी, त्यांची पोरं,
ओल्या बुटांसकट माझ्या स्वयंपाकघरात,
आणि मधोमध नऊ आठवड्यांचं पिल्लू
स्वतःच्या शेपटामागे गरगर, गरगर.
सापडलं की एवढंसं गुरगुरायचं,
सुटलं की पुन्हा.
कोणीतरी टाळ्या वाजवल्या.
मीच वाजवल्या.

स्कुग्गी म्हणजे आमच्या बोलीत सावली.
नाव होग्नीनं ठेवलं, दारात उभ्या उभ्या,
खांद्यावर पिशवी, खाली धक्क्याला बोट.
मग तो ग्रीनलंडच्या पाण्यात गेला चार महिने,
सावली राहिली माझ्याकडे.

नोव्हेंबरात शेपटाच्या टोकाला केस उरले नाहीत.
आधी गुलाबी ठिपका, मग लाल,
मग फरशीवर थेंब, वाटोळे मांडल्यासारखे.
मी ओरडले.
ते थांबलं, माझ्याकडे पाहिलं
आणि दुप्पट जोरानं फिरलं,
जणू मी शाबास म्हणाले होते.

शेजारचा योग्वान म्हणाला, मोहरी चोपड.
माझ्या बापानं तर तोडूनच टाकलं असतं.
त्याच्या बापानं बरंच काही तोडलं होतं,
क्लाक्सविकमध्ये सगळ्यांना माहीत आहे.

रागनहिल गुरुवारी येते, समुद्राखालच्या बोगद्यातून,
गाडीत मेंढ्यांचा वास घेऊन.
तिनं केस विंचरून पाहिले: पिसू नाही.
शेपूट उचलून पाहिलं: तिथंही काही नाही.
ओठ वर करून हिरड्या दाबल्या.
दात येताहेत, म्हणाली, हे निम्मं कारण.
उरलेलं निम्मं तुझ्या घरात आहे, शोध.
आणि ओरडू नकोस. त्याला तेही बोलणंच वाटतं.
हसणं तर बंदच कर.

म्हणून भरती-ओहोटीच्या तक्त्यामागे, पेन्सिलीनं:

मंगळवार, सकाळी दहा. पाऊस. झोपलंय.
मंगळवार, दुपारी. दुधाची गाडी. भुंकलं, चावलं नाही.
बुधवार, संध्याकाळी सात. चावलं. वीस मिनिटं.
शुक्रवार. चर्चच्या भिंतीपर्यंत फिरवलं, वारा इतका की
दोघांचेही कान उलटे. घरी आलं, पडलं, घोरलं.
शनिवार, सात. चावलं.
बुधवार, सात.

सात.

सातला होग्नीचा फोन येतो.
आवाज बुडतो, वर येतो, परत बुडतो,
आणि मी टेबलाभोवती फिरते, फोन कानाला,
ऐकू येतंय का, ऐकू येतंय का,
खिडकी, चूल, दार, खिडकी.
त्याच्या बापाच्या वेळची सवय.
तेव्हा एका रात्रीनंतर पलीकडून उत्तर आलंच नाही,
मी मात्र फिरत राहिले.

पिल्लानं पाहिलं असेल:
या घरात सात वाजता असं करतात.

लोक म्हणतात, कुत्र्याचं शेपूट
नळीत घातलं तरी वाकडं ते वाकडंच.
राहू दे की वाकडं.
सरळ कोणाला हवंय?
तोंडातून सुटलं म्हणजे झालं.

आता पावणेसातला बर्फातून काढते
ओल्या टॉवेलची गाठ, दगडासारखी कडक.
ते चघळतं, हिरड्या शांत होतात.
चावायला गेलंच तर मी काही बोलत नाही,
गाठ नुसती त्याच्या नाकापुढून सरकवते,
त्यानं ती धरली की मगच मान खाजवते.
कधी जमतं. परवा नाही जमलं.
टोकाला मात्र मऊ, पांढुरकी लव येतेय.

सात वाजतात.
मी फरशीवर बसलेय, पाठ चुलीला टेकून.
फोन वाजतो. आवाज बुडतो.
माझा उजवा पाय आपोआप उठायला बघतो.
पिल्लू गाठ सोडतं
आणि त्या पायाकडे बघत राहतं.

बस, म्हणते मी. बस इथंच.

कोणाला सांगतेस, होग्नी विचारतो,
एकदम स्पष्ट,
शेजारच्या खोलीतून बोलल्यासारखा.